२ चा ६७ वा घात वजा १: एका एकवीस अंकी संख्येचे भाजक काढताना ठेवलेल्या नोंदी, सोलापूर

मी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात जॉबर आहे. भाची नववीत शिकते. २२ डिसेंबरला, म्हणजे रामानुजन यांच्या जन्मदिवशी, तिच्या शाळेत गणित दिवस असतो. त्यासाठी आम्ही दोघांनी हे काम घेतलं. कुणाला असंच काही करायचं असेल तर आमचे वाया गेलेले रविवार तरी त्यांचे वाचावेत म्हणून या नोंदी.

२६ ऑक्टोबर

विषय ठरला. मर्सेन या फ्रेंच साधूने १६४४ मध्ये सांगितलं होतं की २ चा ६७ वा घात घेऊन १ वजा केला की मूळ संख्या मिळते. १८७६ मध्ये ल्यूकासने दाखवलं की ती मूळ नाही, पण भाजक त्यालाही सापडले नाहीत. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन गणित सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. सांगतात की ते एक शब्द बोलले नाहीत. एका बाजूला ६७ वा घात काढून १ वजा केला, दुसऱ्या बाजूला दोन संख्यांचा गुणाकार केला, उत्तरं सारखी आली आणि ते जागेवर जाऊन बसले. हे शोधायला किती वेळ लागला असं नंतर विचारल्यावर ‘तीन वर्षांचे रविवार’ म्हणाले, असंही सांगतात.

भाचीला ल्यूकासचं पटेना. "मामा, भाजकच माहीत नाहीत तर भाग जातो हे कळलं कसं?" तिला पद्धत सांगितली: ४ पासून सुरुवात करायची, वर्ग करून २ वजा करायचे, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवायची, असं ६५ वेळा. शेवटी बाकी शून्य आली तरच संख्या मूळ. ल्यूकासची आली नाही. भाजक कोणता, हे मात्र ही पद्धत सांगत नाही.

एक नियम घातला. कोलचे दोन भाजक कुठेही शोधून बघायचे नाहीत, आपले आपण काढायचे.

खर्च: चौकटीची दोनशे पानी वही, ६० रुपये.

२ नोव्हेंबर

२ ची दुप्पट, मग तिची दुप्पट, अशा ६७ ओळी. एक तास लागेल असं वाटलं होतं, तीन लागले. शेवटी नवाचा ताळा केला तर जुळेना.

२ च्या घातांच्या अंकांची बेरीज एका अंकापर्यंत आणली की २, ४, ८, ७, ५, १ हे चक्र फिरत राहतं. ६७ ला ६ ने भागून १ उरतो, म्हणून आपला ताळा २ यायला हवा. आमचा आला ७. मागे मागे जात ५३ व्या ओळीवर सापडलं. तिथे एक हातचा राहिला होता: ९००७१९९२५४७४०९९२ च्या जागी ९००७१९८२५४७४०९९२. खालच्या चौदा ओळी पुन्हा लिहिल्या.

ताळा दर ओळीला करायला हवा होता, आम्ही तो शेवटावर ठेवला. हे पहिलं पदरात पडलेलं शहाणपण. हातमागावर तुटलेला धागा वीतभर पुढे गेल्यावर दिसला तर वीतभर उसवावं लागतं, तोच प्रकार.

संख्या मिळाली: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. अंक एकवीस, अंकांची बेरीज १०९. सुमारे पावणेपंधरा लाख कोटी कोटी.

९ नोव्हेंबर

हा दिवस जवळजवळ पूर्ण वाया गेला, तरी लिहून ठेवतो.

सकाळी ३, ७, ११, १३ असं एकेका मूळ संख्येने कागदावर भागत बसलो. ५ ला अर्थातच हात लावला नाही. दुपारपर्यंत ५३ पर्यंत आलो. दोघांचे हात दुखले आणि एकानेही भाग गेला नाही.

मग ११ व्या घातावर पाहिलं. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. यात २३ म्हणजे २२ अधिक १ आणि ८९ म्हणजे ८८ अधिक १. दोन्ही ठिकाणी २२ च्या पटीत एक मिळवलाय. घात मूळ संख्या असेल तेव्हा प्रत्येक भाजक असाच यावा लागतो: घाताच्या दुपटीची पट अधिक १. आपल्यासाठी भाजक १३४ गुणिले क, अधिक १. दुसरी अट अशी की भाजकाला ८ ने भागलं की १ किंवा ७ उरायला हवेत. म्हणजे क ला ४ ने भागून ० किंवा १ उरतो तेवढेच उमेदवार घ्यायचे.

आता यादी केली. १३५ मूळ नाही. ५३७ ला ३ ने भाग जातो, ६७१ म्हणजे ११ गुणिले ६१, १०७३ म्हणजे २९ गुणिले ३७, १२०७ म्हणजे १७ गुणिले ७१. त्यानंतरचा १६०९ मूळ आहे. म्हणजे तपासण्याजोगा पहिला उमेदवारच १६०९! त्याखालच्या अडीचशेच्या आसपास मूळ संख्या भागाकार न करताच गळाल्या, आणि सकाळपासून आम्ही त्यांच्यातच अडकून बसलो होतो. भाची बराच वेळ त्या यादीकडे बघत राहिली. मलाही जेवणाची आठवण राहिली नाही.

१२ नोव्हेंबर, रात्री

१६०९ हाताने तपासला. यासाठी एकवीस अंकी संख्या लागतच नाही, नुसत्या बाक्या पुढे न्यायच्या. २ चा ११ वा घात २०४८, बाकी ४३९. वर्ग केला की २२ वा घात, बाकी १२५०. त्याला ४३९ ने गुणलं की ३३ वा, बाकी ८१. वर्ग, ६६ वा, बाकी १२५. दुप्पट, ६७ वा, बाकी २५०. १ आली असती तर भाजक. २५० आली म्हणजे नाही.

वेळ बारा मिनिटं. पुढचा मूळ उमेदवार ३२१७, तोही नाही.

हे सगळं हाताने होणार नाही हे उघड होतं. कोल यांच्याकडे यापेक्षा बारीक गाळणी होती आणि तरीही त्यांची वर्षं गेली. मी लॅपटॉप काढला.

१६ नोव्हेंबर

एक्सेलमध्ये संख्या टाकली आणि १६०९ ने भागली. उत्तर पूर्णांक आलं! ३२१७ ने भागली, तेही पूर्णांक. भाची टाळ्या वाजवत आईला सांगायला गेली. पण बुधवारी १६०९ ची बाकी २५० मी स्वतः काढली होती, त्यामुळे माझा विश्वास बसेना.

नीट बघितलं तर चौकटीत १४७५७३९५२५८९६७६०००००० लिहिलेलं होतं. एक्सेल पंधरा अंक ठेवतं, पुढचे शून्य करतं. भागाकाराचंही तसंच आहे. आतला हिशेब २ च्या ५३ व्या घातापर्यंतच अचूक चालतो. त्यापुढच्या उत्तराला अपूर्णांकासाठी जागाच उरत नाही, ते पूर्णांक दिसणारच. २ चा ६७ वा घात भागिले ५३ वा घात म्हणजे १४ वा घात, १६३८४. म्हणजे १६३८४ च्या खालच्या कुठल्याही संख्येने भागलं तरी एक्सेल ‘भाग जातो’ असंच दाखवणार. भाचीची निराशा झाली. मला मात्र बुधवारची ती बारा मिनिटं सत्कारणी लागली असं वाटलं, कारण तो एक हाताचा हिशेब नसता तर आम्ही चुकीचं उत्तर शाळेत नेलं असतं.

दुरुस्ती: मोठी संख्या चौकटीत टाकायचीच नाही. ३३ व्या घाताची म्हणजे ८५८९९३४५९२ ची बाकी, तिचा वर्ग, पुन्हा बाकी, दुप्पट, पुन्हा बाकी. मूळ आहे की नाही हे न बघता सगळेच उमेदवार घेतले, गाळत बसण्यापेक्षा ते सोपं. पन्नास हजार ओळींचा एकेक गठ्ठा. मोठ्या गठ्ठ्याला लॅपटॉप गोठतो.

१९ नोव्हेंबर

तीन संध्याकाळी मिळून सात गठ्ठे झाले, साडेतीन लाख उमेदवार. क सात लाखांपर्यंत आणि भाजक ९ कोटी ३८ लाखांपर्यंत. एकही नाही.

इथे थांबावं लागलं. साडेनऊ कोटींच्या जवळ बाकीचा वर्ग २ च्या ५३ व्या घाताला टेकतो आणि त्यापुढे एक्सेलचा हिशेब पुन्हा बेभरवशाचा होतो. रविवारी खाल्लेली ठोकर ताजी होती म्हणून ही सीमा आधीच काढून ठेवली होती.

२३ नोव्हेंबर

कारखान्यातल्या एका सहकाऱ्याचा मुलगा संगणक शिकतो, त्याने पायथॉन टाकून दिलं. त्यात पूर्णांक कितीही मोठा चालतो. पहिल्यापासून तेच घ्यायला हवं होतं. आठ ओळींची आज्ञावली. क दहा लाखांपर्यंत चालवला. दोन सेकंदात संपलं आणि काहीच मिळालं नाही.

अटच चुकली असं मी धरून चाललो. १३४ बरोबर आहे का, ८ ची अट बरोबर आहे का, संपूर्ण दुपार वहीत उलटतपासणी. आठची अट काढून टाकून पुन्हा चालवलं, तरी काही नाही. भाची म्हणाली, "मामा, कोलचंच चुकलं असेल का?" मी नाही म्हणालो, पण सांगण्यासारखं कारण माझ्याकडे नव्हतं.

३० नोव्हेंबर

आज सापडलं.

सकाळी तलावाकडे फिरायला गेलो होतो. सिद्धेश्वराच्या देवळाकडून परतताना सुचलं की आज्ञावली बरोबर आहे की नाही हे छोट्या घातावर बघावं. कारखान्यात नवीन डिझाइन चढवताना मी आधी हातभर कापड विणून बघतोच. घरी आल्यावर ६७ च्या जागी ३७ टाकले. लगेच २२३ आलं. कागदावर पाहिलं: ३७ व्या घातासाठी भाजक ७४ च्या पटीत अधिक १, आणि ७४ गुणिले ३ अधिक १ म्हणजे २२३. दुसरा भाजक ६१६३१८१७७. गुणाकार १३७४३८९५३४७१, बरोबर.

म्हणजे आज्ञावली ठीक, अटी ठीक. मग उरली मर्यादा. दहा लाख हा आकडा कुठून आला होता? एक्सेलच्या ओळी साडेदहा लाखांच्या आत संपतात, ती सवय डोक्यात राहिली आणि मी विचार न करता तोच आकडा टाकला होता. पंधरा लाख केला.

क = १४४५५८०. भाजक १९३७०७७२१.

उमेदवारांच्या यादीत याचा नंबर ७,२२,७९० वा. रोज चाळीस हाताने केले असते तरी एकोणपन्नास वर्षं लागली असती. भाची काही बोलली नाही, तिने वही पुढे ओढली आणि हाताने पडताळायला घेतलं. ३३ व्या घाताची बाकी ६६७९४८६८. तिचा वर्ग ४४६१५५४३९११३७४२४. त्याला १९३७०७७२१ ने भागलं: भागाकार २३०३२४०३, बाकी ९६८५३८६१. आता दुप्पट. १९३७०७७२२. भाजकापेक्षा बरोबर एक जास्त, म्हणजे बाकी १. ती दुप्पट लिहिताना तिचा हात थरथरत होता, आणि मी शेजारी श्वास रोखून बसलो होतो.

मोठ्या संख्येला भागून दुसरा भाजक मिळाला: ७६१८३८२५७२८७.

हे दोन्ही मूळ कशावरून, हा प्रश्न उरला होता. तो तिने जेवताना सोडवला. १९३७०७७२१ ला छोटा भाजक असता तर तो मोठ्या संख्येलाही भागला असता आणि यादीत आधीच सापडला असता. दुसऱ्याचंही तसंच. तो फुटत असता तर त्याचा एक तुकडा पावणेनऊ लाखांच्या आत असता, आणि तिथवरचे उमेदवार आपण केव्हाच तपासलेत. वेगळी तपासणी लागलीच नाही. हे मला सुचलं नव्हतं.

७ डिसेंबर

शाळेत गुणाकार फळ्यावर करायचा, म्हणून आधी चार्ट पेपरवर सराव. नवी पेठेतून चार मोठे चार्ट आणि दोन मार्कर आणले, १३० रुपये.

मांडणी महत्त्वाची. वर ७६१८३८२५७२८७ आणि खाली १९३७०७७२१ ठेवा. गुणकाचे अंक १, ९, ३, ७, ०, ७, ७, २, १. सात तीनदा येतो आणि एक दोनदा, म्हणून पाचच वेगळ्या ओळी काढाव्या लागतात. उलट मांडलं तर काम वाढतं.

सातची ओळ काढली, तीन जागी उतरवली, बेरीज केली. आलं १४७५७३९५३४९९५७६४१२९२७. मधले अंक चुकलेले. नवाचा ताळा केला तर जुळतो! भाजकांच्या अंकांची बेरीज ३७ आणि ६४, दोन्हींचा ताळा १. उत्तराचाही १. तासभर शोधूनही चूक दिसली नाही.

९ डिसेंबर

चाटी गल्लीत कापडाच्या पेढीवर चाळीस वर्षं खातेवही लिहिलेले एक काका आमच्या वाड्यात राहतात. त्यांना चार्ट दाखवला. गुणाकार त्यांनी बघितलाच नाही. "फरक काढ," म्हणाले. फरक ९०९९००००००००. "नवाने भाग जातो ना? मग कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत. रोजमेळ जुळला नाही की आम्ही पहिलं हेच बघायचो."

सातची ओळ शंभर, हजार आणि लाख या तीन जागी बसते, म्हणजे एकूण १०११०० पट. फरकाला १०११०० ने भागलं, ९०००००० आलं. म्हणजे दहा लाख आणि कोटीच्या घरातले शेजारी अंक. ओळीत बघितलं: ५३३२८६७८०१००९ हवं होतं, लिहिलं होतं ५३३२८७६८०१००९. ६७ चे ७६.

अंक उलटे झाले तर बेरीज तीच राहते, म्हणून नवाचा ताळा ही चूक कधीच पकडणार नाही. अकराचा ताळा पकडतो. उजवीकडून एक आड एक अधिक-वजा करायचं. बरोबर ओळीचा १ येतो, चुकीच्या ओळीचा १०. आता प्रत्येक ओळीला दोन्ही ताळे.

काकांनी चहा केला आणि आपल्या जुन्या खातेवहीतलं एक पान भाचीला दाखवलं. कडेला पेन्सिलने बारीक बारीक ताळे मांडलेले. तिने ते बराच वेळ पाहिलं.

१४ डिसेंबर

चार्ट नव्याने. दोन्ही ताळ्यांसकट पूर्ण गुणाकार ३१ मिनिटांत, चुकीशिवाय.

२१ डिसेंबर

हे शेवटचं काम माझ्या हौसेचं. दोनच अंकांच्या लिपीत २ चा ६७ वा घात वजा १ लिहिला तर सलग ६७ वेळा १ येतो, मध्ये एकही शून्य नाही. जॅकार्डच्या कार्डावर भोक म्हणजे ताणा वर, भोक नाही म्हणजे ताणा खाली. तेच १ आणि ०. अशोक चौकाजवळच्या एका बंद पडलेल्या मागाची कोरी कार्डं मिळाली, पैसे घेतले नाहीत. तीन पट्ट्या करायच्या: १९३७०७७२१ ला २८ जागा आणि १७ भोकं, ७६१८३८२५७२८७ ला ४० जागा आणि १६ भोकं, आणि त्यांच्या गुणाकाराला ६७ जागा, ६७ भोकं. अशा विस्कळीत दोन ओळींतून ती सलग ओळ निघते, याचं मला अजून नवल वाटतं.

पहिली पट्टी अशी हवी: १०१११०००१०१११०१११११०११००१००१.

मी भोकं पाडली, भाचीने नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. मग पहिल्या पट्टीच्या उजव्या टोकाकडे बघून ती म्हणाली, "मामा, शेवटची तीन घरं १०१ आहेत. म्हणजे आठने भागून पाच उरतात. हा भाजक असूच शकत नाही." खरं होतं. मी कार्ड पाठीकडून छिद्रलं होतं, त्यामुळे ओळ उलटी पडली होती. शेवटी ००१ हवं होतं. कार्ड पालटलं, चिठ्ठी काढून दुसऱ्या बाजूला लावली. ९ नोव्हेंबरला उमेदवार गाळायला शिकलेली अट तिने आज इथे लावली.

२२ डिसेंबर

तिने बोलायचं नाही असं ठरवलं होतं. डाव्या फळ्यावर ६७ वा घात वजा १, उजव्या फळ्यावर गुणाकार, ३४ मिनिटं. सातच्या ओळीपाशी थांबून तिने अकराचा ताळा केला, मग पुढे गेली. मी दाराशी उभा होतो. दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा वहीत अंकांच्या बेरजा मांडत होता, आणि उत्तर पूर्ण व्हायच्या आधीच त्याने शेजाऱ्याला १०९ दाखवला.

एकूण खर्च १९० रुपये. वेळ सुमारे ४६ तास, त्यातले निदान अठरा चुकांमध्ये गेले. नव्याने करणाऱ्यांनी ३७ व्या घातापासून सुरुवात करावी, एका संध्याकाळी होतो आणि सगळ्या पायऱ्या येतात. मर्सेनच्या यादीतला २५७ आमच्या पद्धतीने होणार नाही, त्याचा सर्वात लहान भाजकच पंधरा अंकी आहे. भाचीने तरी वहीच्या नव्या पानावर ‘५१४ क + १’ असं लिहून खाली रेघ मारून ठेवली आहे.